गाडी ओढत नाही म्हणून टर्बो बदलू नका, आधी तपासणीचे पैसे घ्यायला शिका

गॅरेज टाकायचं म्हणणारी दोन-तीन मुलं माझ्या प्रत्येक बॅचला असतातच. त्यांना मी एक ठरलेला प्रश्न विचारतो. जुनी डिझेल गाडी आली, गिऱ्हाईक म्हणालं, "पिकअप गेलाय, घाटात गाडीला दम लागतो," तर पहिलं काय करशील? उत्तरंही ठरलेली असतात. डिझेल फिल्टर बदलीन. नोझल काढून पंपवाल्याकडे पाठवीन. टर्बो बघीन. एकाने तर सरळ सांगितलं, "सर, इंजिन उघडल्याशिवाय कसं कळणार?"

मग दुसरा प्रश्न: आणि बिघाड नुसता शोधून काढायचे किती पैसे घेशील? इथे सगळे हसतात. शोधायचे कुठे पैसे असतात, सर!

मला आज या हसण्यावर बोलायचं आहे. माझं मत असं आहे की "गाडी ओढत नाही" ही एक तक्रार तुमचं गॅरेज उभं करू शकते किंवा बुडवू शकते, आणि ते ठरतं तुम्ही तपासणी विकता की पार्ट विकता यावर. तपासणी फुकट ठेवलीत, की तुमची इच्छा असो वा नसो, तुम्ही पार्ट विकायला लागता. तुम्ही लबाड नसलात तरी. कसं, ते माझ्याच गाडीवरून सांगतो, कारण त्यात थोडी चूक माझीही होती.

माझी गाडी २०११ ची, लहान डिझेल, दीड लाखाच्या पुढे चाललेली. कार्यशाळेसाठी पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरलाही गाडी ओढेना. पाय पूर्ण दाबलाय, इंजिन ओरडतंय, मागे काळसर धूर, आणि उसाच्या ट्रॅक्टरनेसुद्धा ओव्हरटेक करावं असा वेग. डॅशबोर्डवर चेक लाइट. वर पोहोचल्यावर गाडी बंद करून पाच मिनिटांनी चालू केली तर पुन्हा बरी पळायला लागली. सपाट रस्त्यावर तर काही झालंच नाही असं वाटावं.

पुण्यात एका चांगल्या चालणाऱ्या गॅरेजला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी ०२९९, म्हणजे टर्बोचं बूस्ट कमी पडतंय. त्यांनी डिझेल फिल्टर बदलला. मग "नोझल टपकतात, म्हणून धूर" असं म्हणून चारही नोझल साफ करून एक नवीन टाकला. मग एक सेन्सर. बिल २३,४०० रुपये. पुढच्या घाटात लाइट परत लागला. फोन केला तर उत्तर आलं, "मग टर्बोच गेला असणार, २८ हजार धरून चला."

त्या गॅरेजवाल्याला मी चोर म्हणणार नाही. त्याने टाकलेला प्रत्येक पार्ट खरा होता, बिलं होती. पण गाडी दिली तेव्हा मी काय म्हणालो होतो, ते ऐका: "बघून सांगा, नुसतं बघायचे काही पैसे नाहीत ना?" ते म्हणाले, "छे, बघायचे कसले पैसे!" आता बघायला दोन तास लागणार असतील आणि त्याचे पैसे मिळणार नसतील, तर माणूस दहा मिनिटं बघतो आणि पार्ट टाकतो. पार्टमध्ये मार्जिन आहे. पार्ट टाकल्यावर लेबरही लावता येतं. फुकट बघण्याची ती किंमत मी २३,४०० रुपये मोजली.

टर्बोचा निर्णय व्हायच्या आधी मला कराडला जावं लागलं. तिथे माझ्या जुन्या बॅचचा एक मुलगा आहे. दोन गाड्या मावतील एवढं पत्र्याचं शेड, एक मदतनीस. त्याला म्हटलं, जरा बघ. त्याने बॉनेट उघडलंच नाही. आधी मला खुर्चीत बसवून प्रश्न विचारत राहिला. गार असताना होतं की गरम झाल्यावर? कुठल्या गिअरला? कुठल्या आरपीएमला? धूर कुठल्या रंगाचा? शिट्टीसारखा किंवा फुस्स असा आवाज येतो का? ॲव्हरेज पडलंय का? हे सुरू व्हायच्या आधी गाडीचं शेवटचं काम कोणतं झालं होतं? डिझेल नेहमीच्या पंपावर भरता की कुठेही?

या प्रश्नांमध्येच अर्धी तपासणी होते. कारण इंजिनाची ताकद कमी होण्याचे रस्ते तसे मोजकेच आहेत. हवा कमी पडते, डिझेल कमी पडतं, जळलेला वायू बाहेर जायला अडतो, कॉम्प्युटर स्वतःहून हात आखडता घेतो, किंवा इंजिन ठणठणीत आहे आणि ताकद चाकापर्यंत जाता जाता कुठेतरी खाल्ली जातेय.

धूर यातला फुकटचा साक्षीदार आहे. जोर लावल्यावर काळा धूर म्हणजे डिझेल येतंय पण त्याच्या मानाने हवा कमी आहे. धूरही नाही आणि ताकदही नाही, तर डिझेल कमी पोहोचतंय, नाहीतर कॉम्प्युटरने ते कमी केलंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा पाणी आत जातंय, आणि तिथे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवावं लागतं की काम मोठं निघू शकतं. माझ्या गाडीचा धूर काळा होता, तोही फक्त चढावर. म्हणजे नोझल बदलण्याआधी हवेची बाजू बघायला हवी होती.

पुढे त्याने काय केलं ते नीट वाचा, कारण विकायची वस्तू ती आहे.

स्कॅनर लावून तो शेजारी बसला आणि मला गाडी हायवेला काढायला लावली. त्याआधी चावी फिरवून, इंजिन बंद ठेवून एक आकडा बघितला: हवेचा दाब मोजणारा सेन्सर काय दाखवतो. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेइतकाच दाब दाखवायला हवा. मुंबईत समुद्रकाठी तो साधारण १०१ किलोपास्कल असतो, पुण्या-कराडच्या उंचीवर ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या जवळ. हा आकडाच चुकीचा आला तर सेन्सर काजळीने भरलाय किंवा वायरिंगमध्ये घोळ आहे, आणि पुढचे सगळे आकडे संशयित. माझा ९४ आला. म्हणजे सेन्सर बरोबर. आणि मी पुण्यात नेमका सेन्सरच नवीन टाकून घेतला होता! जुनाही बहुतेक बरोबरच असणार, पण तो तोपर्यंत भंगारात गेला होता.

मग चढ लागल्यावर तिसऱ्या गिअरला पूर्ण पाय. स्क्रीनवर दोन आकडे शेजारी शेजारी: कॉम्प्युटरला किती बूस्ट हवंय आणि प्रत्यक्षात किती मिळतंय. हवं होतं १९० च्या घरात, मिळत होतं १३५. थोडा वेळ हा फरक राहिला की कॉम्प्युटर इंजिन वाचवायला ताकद उतरवतो, लाइट लावतो. याला लिम्प मोड म्हणतात. गाडी बंद करून चालू केली की बऱ्याच गाड्यांत तो तात्पुरता सुटतो, म्हणून घाटमाथ्यावर माझी गाडी "बरी" झाली होती.

डिझेलच्या रेलचा दाब हवा तेवढाच मिळत होता. म्हणजे फिल्टर, पंप, नोझल या सगळ्यांकडे तूर्त बघायची गरज नाही. दोन मिनिटांत अर्धी यादी खोडली.

शेडमध्ये परत आल्यावर त्याने टर्बोपासून इंजिनात हवा नेणाऱ्या रबरी होज पाइपखालून हात फिरवला. बोटांना तेलकट काजळी लागली. या पाइपात आतून थोडं ऑइल असतंच, इंजिनाची वाफ तिकडेच सोडलेली असते, त्याला घाबरायचं कारण नाही. पण बाहेरून ओलं असेल तर हवा तिथून निसटते. नुसत्या डोळ्याने पाइप ठीक दिसत होता. मग त्याने ड्रॉवरमधून पीव्हीसी पाइपचं एक बूच काढलं, त्याला ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवलेला. ते हवेच्या मार्गाच्या तोंडाला क्लॅम्पने आवळलं, कॉम्प्रेसरने हळूहळू दहा-बारा पीएसआय हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. क्लॅम्पच्या कडेला, पाइपच्या पोटाशी, बोटभर चीर होती. हवा भरली की ती तोंड उघडायची, दाब गेला की मिटायची. उभ्या गाडीत ती दिसणारच नव्हती.

नवीन होज ११०० रुपये, लेबर ३००. मी विचारलं, "आणि तपासणीचे?" तो म्हणाला, "तपासणीचे कसले पैसे, सर! तुमच्याकडून घेऊ होय?"

मी म्हटलं, माझं सोड, बाकीच्यांकडून घेतोस का? तर नाही. चाळीस मिनिटं गाडी चालवून, आकडे वाचून, स्वतः बनवलेल्या अवजाराने बिघाड पकडणारा हा मुलगा ३०० रुपये घेत होता, आणि ज्यांना बिघाड सापडला नाही ते २३ हजार घेऊन बसले होते. वर तो मला सांगत होता की शेडचं भाडं दोन महिने थकलंय, एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला जागा आहे, जाऊ का?

तुम्हाला वाटेल, हा स्वभावाने साधा म्हणून मागे पडला. मला तसं वाटत नाही. त्याने कधी कागदावर हिशोब मांडला नव्हता. आम्ही तिथेच, ऑइलच्या डब्यावर वही ठेवून मांडला. तुम्ही तुमचे आकडे घाला.

शेडचं भाडं १२ हजार. मदतनीस १४ हजार. वीज आणि नेट २ हजार. स्कॅनरचा हप्ता ३ हजार. आणि स्वतःचा पगार (हा कोणीच धरत नाही) २५ हजार. झाले ५६ हजार. महिन्याचे २५ दिवस धरले तर दिवसाला २,२४० रुपये. दिवसाचे दहा तास शटर उघडं असलं तरी फोन, चहा, पार्ट आणायला जाणं, उधारी मागणं सोडून विकण्याजोगे तास जेमतेम सहा. म्हणजे तासाला ३७३ रुपये हा नुसता खर्च. नफा अजून धरलेला नाही. अवजारांची झीज, रिकामा गेलेला दिवस, परत आलेलं काम, काही नाही.

आता दोन तास लागणारी तपासणी फुकट केली तर प्रत्येक वेळी साडेसातशे रुपये खिशातून गेले. आठवड्याला अशा चार गाड्या आल्या तर महिन्याचे बारा हजार. म्हणजे बरोब्बर शेडचं भाडं. त्याने वहीकडे बघितलं आणि काही बोलला नाही.

माझा सल्ला असा आहे. "गाडी ओढत नाही" या तक्रारीसाठी तपासणीचा ठरलेला दर लावा, तो भिंतीवर लिहा, आणि गाडी आत घेण्याआधी तोंडाने सांगा. तुमच्या गावाप्रमाणे ५०० असेल, ८०० असेल. पण त्या पैशांत गिऱ्हाइकाला काय मिळतं हे ठरलेलं पाहिजे, नाहीतर ते "बघायचे पैसे" राहतात आणि तुमच्या गिऱ्हाइकाला ते खटकणं बरोबरच आहे.

काय मिळतं? क्रमाने तपासणी, आणि क्रम स्वस्ताकडून महागाकडे. हा क्रम मी कुठल्या पुस्तकातून दिलेला नाही. चार चांगल्या फिटर लोकांसोबत बसून, त्यांचे हात बघून बनवलाय.

सगळ्यात आधी इंजिन दोषी आहे का हेच ठरवा. चौथ्या-पाचव्या गिअरला कमी वेगात पाय दाबला आणि आरपीएम चढतोय पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. टर्बोचा काही संबंध नाही. दहा किलोमीटर चालवून आणल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फारच तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय. हात लावू नका, भाजेल, इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्त मिळतो. टायरमधली हवा बघा. हसू नका, चार टायर मऊ असले तरी गिऱ्हाईक "पिकअप गेला" असंच म्हणतं. ब्रेकचा चिकटलेला पिस्टन सुटल्यावर "इंजिनकाम छान केलं" म्हणून पेढे घेऊन आलेला माणूस मी बघितलाय.

मग हवा. एअर फिल्टर उघडून बघा, शेतावर आणि खडीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांत तो मातीने भरलेला असतो, किलोमीटरचा हिशोब तिथे लागू होत नाही. होज पाइप आणि क्लॅम्प. ज्या गाड्यांत टर्बोचा ॲक्च्युएटर किंवा ईजीआर व्हॅक्यूमवर चालतो, तिथल्या पेन्सिलएवढ्या बारीक रबरी नळ्या. इंजिनाच्या उष्णतेने त्या दहा वर्षांत टणक होऊन टोकाला चिरतात. फुटाला काही रुपयांची ती नळी असते, आणि तिच्यापायी टर्बो बदललेले आहेत. ईजीआर वॉल्व्ह काजळीने उघडा अडकला तर जळलेला वायू नको तेव्हा आत येतो, ताज्या हवेची जागा खातो, आणि खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी होते.

नंतर डिझेल. फिल्टर शेवटचा कधी बदलला? त्याच्या तळाचा ड्रेन सोडून पाणी निघतंय का? टाकीकडून येणाऱ्या पाइपात हवेचे बुडबुडे दिसतात का? त्यासाठी एक पारदर्शक पाइपचा तुकडा मध्ये जोडला की पुरतं. फिल्टर तुंबला असेल तर गाडी गावात ठीक चालते आणि हायवेला, जास्त डिझेल मागितलं की मरते, बहुधा धुराशिवाय. रेलचा दाब स्कॅनरवर वाचा. नुसत्या चालू इंजिनात तो साधारण अडीचशे-तीनशे बार असतो, जोर लावला की हजाराच्या पुढे जातो. मागितलेला आणि मिळालेला यात फरक असेल तेव्हा नोझलची रिटर्न टेस्ट करा: चार नोझलच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, ठरावीक वेळ इंजिन चालवायचं, आणि कुठली बाटली जास्त भरली ते बघायचं. दोष असलेला नोझल स्वतः हात वर करतो. चारही नोझल "एकदम साफ करून घ्या" म्हणण्याची गरज राहत नाही.

इथे एक गोष्ट शिकाऊ मुलांना बजावून ठेवा. जुन्या पंपाच्या इंजिनात चालू गाडीला एकेक नोझलचा नट ढिला करून बघायची पद्धत होती. कॉमन रेलवर ती चालत नाही. त्या दाबाची बारीक चिळकांडी हातमोज्यातून कातडीच्या आत शिरते, वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल.

मग एक्झॉस्ट तुंबलाय का, ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर पूर्ण दाबल्यावर पूर्ण दाखवतो का, टर्बोच्या दांड्याला खेळ आहे का. आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन. टर्बो खरंच गेला असेल तर तोही का गेला हे शोधावं लागतं. ऑइल वेळेवर बदललं नाही म्हणून तुंबलेली ऑइलची नळी तशीच ठेवून नवा टर्बो टाकलात, तर तोही जाईल, आणि तुमच्या नावावर जाईल.

कोडबद्दल एक वेगळं सांगतो, कारण हल्ली पाचशे-हजारात ब्लूटूथ स्कॅनर मिळतो आणि गिऱ्हाईकच मोबाइलवर कोड काढून येतं. कोड म्हणजे कॉम्प्युटरची तक्रार. कुठला पार्ट बदलायचा हे त्यात लिहिलेलं नसतं. पी ०२९९ म्हणतो, हवेचा दाब कमी पडला. तो चिरलेल्या होजने पडला, फुटक्या नळीने पडला, अडकलेल्या ईजीआरने पडला की टर्बोने, हे तो सांगत नाही. पी ००८७ म्हणतो, रेलमध्ये दाब कमी आहे. तिथे तुंबलेल्या फिल्टरपासून पंपापर्यंत काहीही असू शकतं. कोड वाचून पार्ट सांगणारा माणूस म्हणजे ताप आहे हे बघून किडनी बदलायला सांगणारा डॉक्टर.

आता तुमच्या शंका. "शेजारचा फुकट बघतो, गिऱ्हाईक तिकडे जाईल." काही जातील. सुरुवातीला बरेच जातील, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण त्यातले काही पार्ट बदलून, पैसे घालवून परत येतील, आणि तेव्हा त्यांना तुमचा दर समजावून सांगावा लागणार नाही.

"काम आमच्याकडेच केलं तर तपासणीचे पैसे बिलातून वजा करू का?" बरेच ट्रेनर सांगतात करा, गिऱ्हाईक खूश होतं. माझं मत उलटं आहे, करू नका. वजा केलंत की तपासणीचे पैसे दुरुस्तीतून काढावे लागतात, आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. तीनशे रुपयांची नळी निघाली तर तुम्ही तोट्यात, टर्बो निघाला तर फायद्यात, अशी व्यवस्था स्वतःसाठी बनवू नका. मन चांगलं असलं तरी तिसऱ्या महिन्यात, भाडं थकलं की टर्बोच दिसायला लागतो.

"आणि सापडलंच नाही तर?" सापडलं नाही तरी पहिल्या टप्प्याचे पैसे घ्या, कारण काय काय ठीक आहे हे तुम्ही सिद्ध केलंय आणि गिऱ्हाइकाचा पुढचा खर्च वाचवलाय. मात्र ते कागदावर द्या. जॉब कार्डवर आकडे लिहा: चावीवर दाब किती, मागितलेलं बूस्ट किती, मिळालेलं किती, रेल प्रेशर किती, काय तपासलं, काय ठीक, काय संशयित. तारीख आणि किलोमीटर. हे न करता पैसे घेतलेत तर लोक तुम्हाला लुटारू म्हणतील आणि मी तुमची बाजू घेणार नाही. दुसऱ्या टप्प्याला, जिथे खोलाखोली करावी लागते, आधी विचारून वेगळा दर सांगा.

या धंद्यात मुळात जीव आहे का, असंही विचारतात. डिझेल तर संपलं म्हणतात. ज्या १.३ लिटरच्या इंजिनावर फियाट, टाटा आणि मारुतीच्या कितीतरी लहान गाड्या चालल्या, ते आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही बनत होतं. एप्रिल २०२० ला बीएस ६ आलं आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, बाकीच्यांनीही लहान डिझेल हळूहळू सोडलं. म्हणजे नवीन लहान डिझेल गाडी फारशी येत नाही, हे खरं. पण विकलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस तपासून पुढे वाढते. त्या आता वयाच्या अशा टप्प्यावर आहेत की रबर चिरतं, वायरिंग टणक होतं, वॉल्व्ह तुंबतात. मालक नवीन गाडी घेणारा नाही. तो भाजीचे क्रेट नेतो, कापडाचे गठ्ठे नेतो, केटरिंगची भांडी नेतो, त्याची गाडी दोन दिवस उभी राहिली की ऑर्डर जाते. हे गिऱ्हाईक पंधरा-वीस वर्षं टिकणार नाही, म्हणून कर्ज काढून फक्त यासाठी मोठं गॅरेज टाकू नका. पण एक स्कॅनर, एक व्हॅक्यूम गेज, साबणाचं पाणी आणि ते पीव्हीसीचं बूच, एवढ्यावर पुढची आठ-दहा वर्षं चांगली निघू शकतात. मोजून बिघाड काढायची सवय लागली की पुढे पेट्रोल टर्बो काय, सीएनजी काय, सवय तीच लागते.

तुम्ही गॅरेजवाले नसाल आणि अशी गाडी धंद्याला वापरत असाल, तर तुमच्यासाठी एवढंच: पुढच्या वेळी "बघायचे पैसे नाहीत ना?" असं विचारू नका. "तपासणीचे किती, आणि आकडे लिहून द्याल ना?" असं विचारा. मी ते आधी विचारलं असतं तर वीस हजारांच्या वर वाचले असते.

कराडच्या त्या मुलाने कंपनीची नोकरी तूर्त घेतली नाही. शेडच्या पत्र्यावर रंगाने लिहिलंय: "पिकअप तपासणी ५०० रु., रिपोर्टसह." पहिल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं बोर्ड वाचून परत गेली. चौथ्या दिवशी त्याचा रात्री फोन आला, आवाज पडलेला.

"सर, एकाने पाचशे दिले, रिपोर्ट घेतला आणि दुरुस्तीला गाडी दुसऱ्याकडे नेली. माझंच शोधलेलं, आणि काम त्याला!"

"रिपोर्टवर काय लिहिलं होतंस?"

"ईजीआर अडकलाय. साफ करायचा."

"किती वेळ गेला तुझा?"

"तास, सव्वा तास."

"मग वही काढ आणि बघ, आज तासाला किती पडले."

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "चारशेच्या वर पडले की."

"मदतनिसाला चहा पाज त्यातून," मी म्हटलं आणि फोन ठेवला.